गोळी खाली बसली

सीओटू गॅसच्या वेल्डिंगने लोखंडी फ्रेम जोडायचं काम होतं. ६ मिमी पट्टी, साधे फिलेट म्हणजे काटकोनातले जोड. सकाळचे सगळे बीड, म्हणजे वेल्डचे पट्टे, गुळगुळीत आले. जेवणानंतर पहिल्याच जोडाला भोकं पडली. सुरुवातीचे दोन इंच चकचकीत, पुढे टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, शेवटाकडे तर बीडची चाळणच.

मशीन पाहिलं. १६० अँपिअर, २१ व्होल्ट, वायर १.२ मिमीची, काही हललं नव्हतं. आवाज मात्र फाटलेला. या सेटिंगला वायरचं टोक सेकंदाला ५०-१०० वेळा वितळलेल्या लोखंडात बुडून तुटतं, म्हणून आर्क, म्हणजे वायर आणि पट्टीमधली विजेची ज्योत, एकसारखा तडतडतो. आता तो मधूनच फुत्कारत होता आणि स्पॅटरही, म्हणजे वितळलेल्या धातूचे थेंब, दुप्पट उडत होता.

पहिला संशय पंख्यावर. वितळलेल्या धातूला हवेपासून झाकणारा गॅस वाऱ्याने उडतो, म्हणून हेल्परला जरा जोरातच म्हटलं, "तो भिंतीकडे फिरव आधी." फिरवला. भोकं तशीच. गॅस जिथून सुटतो त्या नोझलमधला स्पॅटर खरवडला, वायरची टिप बदलली, पट्टीवरचा गंज ग्राइंडरने काढला. तेच. मग सिलिंडरवरच्या, गॅसचा दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरची चावी पिळून गॅस वाढवला. ही आमच्यातली वाईट खोड आहे. गॅस फार सोडला की तो नोझलबाहेर भोवरे घेतो आणि हवाच आत ओढतो.

प्रत्येक बीडची सुरुवात चांगली येते, हे डोक्यात शिरायला अर्धा तास गेला. ट्रिगर दाबून फ्लोमीटर, म्हणजे गॅसचा प्रवाह दाखवणारी नळी, बघायचो तेव्हा तिच्यातली गोळी मिनिटाला १५ लिटरवर असायची. पण वेल्डिंग चालू असताना मास्क तोंडावर, मला गोळी दिसणार कशी? हेल्परला तिथे उभं केलं आणि लांब बीड ओढायला घेतला.

"दादा, गोळी खाली बसली!"

मास्क वर केला. रेग्युलेटर पांढराशुभ्र, बोट लावलं तर चिकटेल असा. सिलिंडरमध्ये सीओटू द्रवरूप असतो. त्याचा गॅस होताना आणि दाब उतरताना तो प्रचंड गार पडतो, रेग्युलेटर आतून गोठून वाट बंद होते. त्यासाठीच तिथे हीटर असतो. गॅस आटला की हवेतला नायट्रोजन थेट वितळलेल्या धातूत विरघळतो आणि धातू थिजताना बाहेर पडायची धडपड करत आतच अडकतो. वायरमधलं सिलिकॉन-मँगनीज ऑक्सिजनला पकडतं, नायट्रोजनपुढे त्याचं काही चालत नाही.

हीटरची पिन बोर्डाखाली लोंबत होती. तिच्या जागी पंख्याची पिन.

हेल्पर काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती, कारण "उकडतंय, पंखा लाव कुठेतरी" असं जेवून आल्यावर मीच त्याला सांगितलं होतं.

हीटर लावला, दहाएक मिनिटांत बर्फ उतरला, गोळी १५ वर स्थिर. भोकांवरून नुसता दुसरा रन मारला तर ती खाली तशीच राहतात, म्हणून चारही जोड मुळापर्यंत ग्राइंड करावे लागले. त्यातले दोन मी केले, बिनपंख्याचे.