पांडूच का आठवतो?

मी सावंतवाडीकडची आहे असं कळलं की ठाण्यातल्या ऑफिसात नवीन आलेलं माणूस हमखास विचारतं, ‘म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकावाल्या गावाकडच्या? तो पांडू असतो का हो तुमच्याकडे खरंच?’ आणि थोड्या वेळाने दुसरा प्रश्न: ‘त्यातल्या नायक-नायिकेची नावं आठवत नाहीत, पण पांडू कसा काय डोक्यात बसलाय?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझं उत्तर जरा लांबचं आहे, कारण ते मालिकेपासून सुरू होत नाही.

ते आमच्या देवळाच्या जत्रेपासून सुरू होतं. कार्तिकानंतर सिंधुदुर्गात गावोगावी जत्रा लागतात. केळी ठेवायची, नारळ फोडायचा, खाजं घ्यायचं, आणि पालखी झाली की रात्री उशिरा दशावतार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. पायपेटी, मृदंग, झांज, आणि बसायला एक बाकडं. आधी गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग येतो संकासूर. वेद पळवणारा दैत्य, पुढे विष्णूच्या हातून मरणारा. नखशिखांत काळा, तोंडावर बुरखा. मी आजीच्या मांडीवर पेंगत असायचे आणि आजी गदागदा हलवायची, ‘गो, उठ, संकासूर इलो!’

त्याच्यानंतर खरं आख्यान लागायचं. राजा, राणी, युद्धं, शाप. मी तोवर झोपलेली. राजा कोण होता ते सकाळी मोठ्यांकडून कळायचं. संकासूर काय काय बोलला ते मात्र मीच त्यांना सांगायचे.

देव पुस्तकी मराठीत बोलायचे. ‘हे प्रिये’, ‘हे भक्ता’, सगळं कसं जपून. संकासूर आमच्यासारखा बोलायचा. मालवणीत. बाकड्यावरच्या पेटीवाल्याशी हुज्जत घालायचा, गावातल्या पाण्याच्या नळावरून बोलायचा, पुढे बसलेल्या म्हाताऱ्याला त्याच्या पडलेल्या दातांवरून छेडायचा. दशावताराला छापील संहिता नसते, त्यामुळे त्या रात्रीचं, त्या गावाचं जे काही असेल ते त्याच्या तोंडी यायचं. देव कुठल्याही गावात तेच असायचे. संकासूर आमच्या गावचा असायचा.

दुय्यम पात्र नायकाला मागे का टाकतं, याचं उत्तर मला तिथे मिळालं, आणि मी अजूनही तेच देते. नायकाच्या डोक्यावर गोष्टीचं ओझं असतं. त्याला प्रेमात पडायचं असतं, फसायचं असतं, शेवटच्या दृश्यापर्यंत गोष्ट पोचवायची असते. म्हणून त्याला सगळ्यांना कळेल अशी, कुठलीच नसलेली भाषा देतात. बाजूच्या पात्राकडे एवढं काम नसतं. त्याला स्वतःची बोली मिळते, आणि बोलीबरोबर अख्खा गाव येतो.

आता मालिका बघा. 2016 साली ती झी मराठीवर आली तेव्हा नाईकांच्या वाड्यात दोन भाषा होत्या. शिकून शहरात गेलेला माधव आणि त्याची बायको नीलिमा शुद्ध मराठी बोलायचे. माई, दत्ता, सरिता, पांडू ही वाड्यात राहिलेली माणसं मालवणी बोलायची. गूढ उकलायची धडपड नीलिमाची, आठवणीत राहिला निरोप सांगायला येऊन निरोपच विसरणारा पांडू. त्याचं ते ‘इसारलंय’ विदर्भातल्या घरातसुद्धा म्हणतात, मी ऐकलंय. पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतः मालिकेच्या लेखनातही होते. त्यामुळे त्याची वाक्यं कागदावरून आल्यासारखी वाटतच नाहीत.

आणि त्या घरातले कर्ते अण्णा नाईक! मालिकेच्या पहिल्या भागात ते सुरुवातीलाच मरतात. पण घरातल्या प्रत्येकाच्या बोलण्यात ते इतके भरून राहिले की 2019 मध्ये आलेला दुसरा भाग मागे गेला, अण्णा जिवंत असतानाच्या काळात, आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा गोष्टीच्या मधोमध आले. लोकांना ते आवडलं. मला पहिल्या भागातले, नसलेले अण्णा जास्त भिववायचे. मधोमध आल्यावर त्यांनाही रोज गोष्ट ओढावी लागली.

हे फक्त मालवणीचं नाही. ‘अनाडी’ (1959) मध्ये राज कपूर आणि नूतन असताना मला आठवते ती मिसेस डिसा. भाडेकरू पोरावर ओरडणारी आणि त्याच्यावर जीव टाकणारी घरमालकीण, तिची ती मुंबईच्या ख्रिस्ती वस्तीतली मोडकी हिंदी. ती भूमिका करणाऱ्या ललिता पवार येवल्याच्या. त्या भाषेतून त्यांनी अशी बाई उभी केली की तिच्या स्वयंपाकघरात काय शिजत असेल तेही दिसतं. सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर त्यांना त्याच भूमिकेसाठी मिळालं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून लागते. बोली बाजूच्या पात्राला देतात, पण बहुतेक वेळा ती नोकराला देतात, विसरभोळ्याला देतात. मालवणी ऐकली की लोक आधीच हसायला तयार होतात. 1980 साली गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ हे नाटक आलं आणि मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने मालवणी रंगमंचाच्या मधोमध आणून उभी केली. तिथेही हसू होतंच, पण ते गावाने स्वतःवर, स्वतःच्या भाषेत हसणं होतं. मालवणीत प्रेम करणारा, मालवणीत रडणारा नायक मला अजून पोटभर बघायचाय.

आणि हो, पांडू असतो. आमच्या वाडीत एक होता. प्रत्येकाच्या लग्नाला, बाराव्याला पाण्याच्या कळश्या भरणारा. विसरायचा नाही, उलट सगळ्यांचं सगळं त्याच्या लक्षात असायचं.

मागच्या जत्रेला माझा भाचा आला होता. ठाण्यातच वाढलेला, नऊ वर्षांचा. संकासूर आला तशी त्याने माझी ओढणी ओढली. ‘मावशी, काय म्हणाला?’ मी सांगितलं. पुन्हा, ‘आता काय म्हणाला?’ तेही सांगितलं. तिसऱ्या वेळी मी तोंड उघडायच्या आतच तो हसला.