यान क्यूलेमान्स: दुसऱ्या डिव्हिजनमधून वर, आणि त्याच दारातून खाली

बेल्जियमचा जुना फुटबॉलपटू यान क्यूलेमान्सचा विषय निघाला की गप्पा हटकून मिलानपाशी जातात. (स्पेलिंग 'सी'ने सुरू होतं, पण फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमची डच बोलणारी माणसं उच्चार 'क'च करतात.) १९८०च्या युरो स्पर्धेत बेल्जियम अंतिम फेरीपर्यंत गेला आणि त्यानंतर एसी मिलानने त्याला मागणी घातली. त्याच्या आईला ते पटलं नाही, म्हणून तो आपल्या बेल्जियन क्लबात, क्लब ब्रुगेतच राहिला. किस्सा छानच आहे, पण त्यापायी १९९२ ते २०१२ हा त्याचा प्रशिक्षकपदाचा काळ कोणी बघत नाही. मला तोच जास्त रंजक वाटतो.

खेळाडू म्हणून थोडक्यात: जन्म १९५७, लीर. सुरुवात गावच्याच लीर्समधून, १९७८पासून क्लब ब्रुगे. देशासाठी ९६ सामने, २३ गोल. तीन वेळा गोल्डन शू, म्हणजे बेल्जियन लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार: १९८०, १९८५, १९८६. १९८६च्या विश्वचषकात त्याने सोव्हिएत संघ, स्पेन आणि फ्रान्स या तिघांवरही गोल केले. स्पेनविरुद्धचा झेपावून मारलेला हेडर एकदा तरी बघाच.

१९९२मध्ये बूट उतरवले आणि तो थेट दुसऱ्या डिव्हिजनमधल्या एन्द्राख्त आल्स्टचा प्रशिक्षक झाला. इथे तेव्हाची पद्धत समजून घ्यायला हवी. १८ संघ, प्रत्येकी ३४ सामने. विजेता सरळ वरच्या डिव्हिजनमध्ये. वर जाण्याची दुसरी जागा मात्र गुणतक्त्यात दुसरं येऊन मिळत नसे. हंगामाचे तीन टप्पे पाडलेले असत आणि प्रत्येक टप्प्याचा वेगळा विजेता ठरे. हे तिघे आणि गुणतक्त्यातला वरचा आणखी एक, असे चार संघ मोसम संपल्यावर आपसात प्रत्येकी सहा सामने खेळत, आणि त्यातला पहिला वर जाई. म्हणजे ऑक्टोबरात सूर गवसून टप्पा जिंकलेला संघ मे महिन्यात दमलेला, जायबंदी खेळाडू घेऊन या फेरीत उतरू शकतो. लीग संपल्यावरही पाय शाबूत ठेवणं, हीच खरी परीक्षा. १९९४मध्ये सिंत-त्रुइडन विजेता म्हणून वर गेला आणि आल्स्ट या फेरीतून.

वर आल्यावर पहिल्याच हंगामात चौथा क्रमांक! त्या संघाचा स्ट्रायकर जिल द बिल्ड १९९४चा गोल्डन शू घेऊन गेला. हा पुरस्कार हंगामाचा नसतो, कॅलेंडर वर्षाचा असतो. म्हणजे ज्या वर्षासाठी तो मिळाला, त्यातला पहिला अर्धा भाग हा गडी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होता. १९९५मध्ये तो अँडरलेख्टला गेला. आल्स्टने युएफा कप या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत बल्गेरियाच्या लेव्स्की सोफियाला बाहेर काढलं, मग रोमाकडून तिथे ०-४ असा मार खाल्ला आणि घरी ०-० केलं.

त्याच वर्षी, १५ डिसेंबर १९९५ला, बोसमन निकाल लागला. तो खटलाही बेल्जियमचाच, आरएफसी लिएजच्या खेळाडूचा. आधी करार संपला तरी जुना क्लब नव्या क्लबाकडून पैसे मागू शकत असे. निकालानंतर युरोपीय संघातला खेळाडू करार संपताच मोकळा. आल्स्टसारख्या क्लबाचं गणित इथेच फिस्कटतं: चांगला खेळाडू एक तर करार संपण्याच्या वर्षभर आधी विकायचा, नाहीतर परवडत नसलेल्या पगारावर करार वाढवायचा. दोन्ही चुकलं की खेळाडूही गेला आणि पैसेही गेले. द बिल्ड निकालाच्या आधी गेला, ही निव्वळ वेळेची कृपा. क्यूलेमान्स १९९८पर्यंत आल्स्टमध्ये टिकला. क्लब मात्र २००२मध्ये पैशांच्या ओझ्याखाली वरच्या डिव्हिजनमधून गेलाच.

मधे थोडा काळ इंगेलमुन्स्टर, आणि १९९९मध्ये वेस्टर्लो. एवढंसं गाव, आणि स्टेडियमचं नाव 'त कॉयप्ये, म्हणजे छोटंसं पिंप. पहिल्याच हंगामात टोनी ब्रोन्योने ३० गोल करून लीगमधला संयुक्त सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, आणि लगेच फ्रान्समध्ये सेदाँला गेला. लहान क्लबाचं तीस गोलांचं यंत्र गेलं की पुढचं वर्ष सहसा घसरणीचं असतं. वेस्टर्लोने त्याच पुढच्या वर्षी, २००१मध्ये, लोमेलला १-० हरवून बेल्जियन कप जिंकला! प्रशिक्षक म्हणून क्यूलेमान्सचं सर्वांत मोठं काम मी हेच धरतो. आल्स्टचा चौथा क्रमांक त्याखालोखाल.

२००५मध्ये ब्रुगेने बोलावलं. चॅम्पियन्स लीगच्या गटात बायर्न, युव्हेंटस आणि रॅपिड व्हिएन्ना. तिसरा क्रमांक आला, जो अजिबात वाईट नाही. पण ब्रुगे आदल्या हंगामाचा विजेता होता आणि लीगमध्ये मागे पडत होता. एप्रिल २००६मध्ये हकालपट्टी. चौदा वर्षं ज्या मैदानावर घाम गाळला तिथे एक हंगामही पुरा करू दिला नाही. मोठ्या क्लबात जुन्या पुण्याईवर फार दिवस निघत नाहीत.

२००७मध्ये पुन्हा वेस्टर्लो. २०११मध्ये कपच्या अंतिम फेरीत स्टँडर्डकडून ०-२ हार, तरीही युरोपीय स्पर्धेचं तिकीट, कारण स्टँडर्ड चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत होता आणि कपविजेत्याची जागा उपविजेत्याकडे आली. आणि मग २०१२. तोवर पहिली डिव्हिजन १६ संघांची झाली होती. शेवटच्या दोघांनी एकमेकांशी पाचपर्यंत सामने खेळायचे, पंधराव्याला सुरुवातीलाच तीन गुण बोनस. हरला तो थेट खाली. जिंकला तोही सुटत नाही: त्याने दुसऱ्या डिव्हिजनच्या तीन संघांबरोबर चौघांच्या फेरीत उतरायचं, आणि त्यात पहिला आला तरच वाचायचं. वेस्टर्लोने सिंत-त्रुइडनला मागे टाकलं, पण त्या फेरीतून वासलँड-बेवेरन वर आला आणि वेस्टर्लो खाली गेला. क्यूलेमान्सची वेस्टर्लोतली कारकीर्दही त्याच वर्षी संपली. १९९४मध्ये आल्स्टला ज्या फेरीने वर नेलं, त्याच फेरीने वेस्टर्लोला खाली ढकललं. आणि १९९४मध्ये आल्स्टसोबत वर गेलेला दुसरा संघही सिंत-त्रुइडनच होता.