तीस हजार, वीस मिनिटांचे

आज दुपारी एका संगीत संमेलनाच्या संयोजकांचा फोन आला. माझ्या शिष्येला वीस मिनिटं गायला मिळतील, म्हणाले. मी आनंदाने तारीख लिहून घेत होते, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "ताई, सहयोग राशी तीस हजार. आणि मुलीचे फॉलोअर्स फार कमी आहेत. तेही विकत मिळतात, मी माणूस देतो." कोणता राग तयार आहे, तालीम किती वर्षांची, साथीला कोण, यातलं एकही विचारलं नाही.

मी नाही म्हटलं. फोन ठेवला तेव्हा हात थरथरत होते.

अहो, हे ग्वाल्हेर आहे! इथे शिकून गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्याल ही रागदारी गाण्याची शैली महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजेरजवाड्यांच्या मर्जीवर जगणारा गवई ऐकणाऱ्यांच्या पैशावर उभा राहू लागला. आणि आता गाणाऱ्यानेच पैसे मोजायचे?

तिचे वडील शिलाईकाम करतात. कर्ज काढून देतील, म्हणून त्यांना मी बोललेच नाही.

तिला मात्र संध्याकाळी सांगितलं. डोळे भरले तिचे. मग तानपुरा जुळवला आणि अल्हैया बिलावलचा विलंबित ख्याल धरला. सकाळचा राग, पण मी अडवलं नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी गुडघे धरत जिना चढून आल्या, दारातच बसल्या.

रविवारी सकाळी नऊला ती माझ्या घरी गाणार आहे. सतरंजी अंथरलेली असेल. या.