पट्टा डावीकडेच का जात होता

ट्रेडमिलचा पट्टा सरकणं ही आमच्या कामातली सगळ्यात साधी तक्रार. मशीन मंद वेगावर रिकामं चालवायचं. पट्टा डावीकडे जात असेल तर मागच्या रोलरचा डावा बोल्ट ॲलन कीनं पाव फेरा आवळायचा, मिनिटभर बघायचं, लागलंच तर आणखी पाव. घाईनं आवळला तर पट्टा ताणतो आणि मोटरवर भार येतो.

धायरीच्या त्या घरी मी हे काम दोनदा केलं होतं, दोन्ही वेळा व्हिजिटचे पैसे घेऊन. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा माझाच माझ्यावरचा विश्वास डळमळला. पाणसळ लावून फरशी तपासली, सपाट होती. पट्टा मधोमध उचलून बघितला, ताण बरोबर. खाली सिलिकॉन ऑइलच होतं. (लोक खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालतात. त्यानं पट्टा खराब होतो आणि मग दोष मशीनला.) रिकामा पट्टा वीस मिनिटं रेषेत चालला.

एक गोष्ट मात्र खटकली. पट्ट्याची खरखरीत नक्षी उजव्या बाजूला गुळगुळीत झाली होती, डावीकडे जवळजवळ नवी.

"काका, जरा माझ्यासमोर चालून दाखवा."

काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. चढताना दोन्ही हातांनी दांडा धरला. ताशी ३ किलोमीटरला उजवा पाय दणकन पडायचा आणि डावा नुसता टेकून सुटायचा. उजव्या पायाच्या जोरानं पाच मिनिटांत पट्टा डावीकडे.

"डावा गुडघा दुखतो का?"

"अरे, तीस वर्षं क्लच दाबलाय या पायानं. दुखणारच. पण चाललं की मोकळा होईल ना?"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "रात्री शेकत बसतात. तुम्हाला सांगणार नाहीत."

मी मशीन बंद केलं. आधी डॉक्टरांना दाखवा, तोवर यावर चढू नका, एवढंच म्हणालो. डॉक्टरांनी गुडघ्याची झीज सांगितली आणि घरी व्यायामाला सायकल चालेल म्हणाले. मग काकांनी मलाच विचारलं, कुठली घेऊ?

हा प्रश्न आमच्या दुकानांत नीट विचारलाच जात नाही, याचा मला संताप आहे. वजन किती, बजेट किती, एवढ्यावर मशीन ठरतं. 'पीक एचपी'चा, म्हणजे मोटरच्या कमाल हॉर्सपॉवरचा, मोठा आकडा दाखवतात. तो क्षणभराच्या जोराचा असतो. मोटर सलग किती एचपी देते ते बारीक अक्षरांत. गुडघा, कंबर, तोल यांबद्दल कुणी बोलत नाही. काकांच्या मुलानं हे मशीन ऑनलाइन सेलमध्ये घेतलं होतं, तिथे तर विचारणारं कुणीच नव्हतं.

मुलाला क्रॉस ट्रेनर हवा होता, म्हणजे उभ्यानं पेडल मारायचं मशीन. त्यात पाऊल पेडलवरून उचलावं लागत नाही, त्यामुळे दणका बसत नाही हे खरं. पण वीतभर उंच, हलत्या पेडलवर चढायचं आणि उभ्यानं तोल सांभाळायचा. घरगुती स्वस्त मॉडेलची झेपही, म्हणजे पेडल पुढेमागे जाण्याचं अंतरही, आखूड असते, उंच माणसाचे पाय त्यात अवघडतात. रोइंग मशीनवर, म्हणजे वल्हवल्यासारखं ओढायच्या मशीनवर, दर ओढीला गुडघा पूर्ण दुमडतो, ते बादच. साध्या सायकलच्या सीटवर टांग टाकून चढणं काकांना जमेना. म्हणून मी पाठीला टेका असलेली, खुर्चीसारखी बसायची सायकल सुचवली. मॅग्नेटिक रेझिस्टन्सची, पेडलला जडपणा चुंबकानं येतो, म्हणजे आवाज जवळजवळ नाही आणि घासून झिजणारा ब्रेक पॅडही नाही.

बसवायला गेलो तेव्हा सीटवर अर्धा तास घालवला. पेडल सगळ्यात लांब असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट जवळ असेल तर गुडघा जास्त दुमडतो, लांब असेल तर पाय ताणून कंबर हलते. पाचव्या खाचेवर जमलं. खाचेवर मी लाल टेप लावली आणि रेझिस्टन्स १ वर ठेवून दहा मिनिटं चालवायला लावली. काका हात मांडीवर ठेवून बसले होते, दांडा धरला नव्हता.

निघताना बिलातून मागच्या दोन व्हिजिटचे पैसे वजा केले. काकांनी ऐकलं नाही, पूर्ण रक्कम हातात कोंबली. "तुझं काम तू केलंस."

पहिल्याच दिवशी दार उघडायला ते भिंतीचा आधार घेत आले होते. ते मी पाहिलं होतं.