एव्हबरीचे दगड

इंग्लंडात स्टोनहेंजची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला सगळेच जातात, पण विल्टशायरमधलं एव्हबरी पाहिलं नसेल तर जरूर पाहा. साधारण 330 मीटर व्यासाचं, साडेचार हजार वर्षांहून जुनं शिळावर्तुळ आणि त्याच्या आतच वसलेलं गाव! दगडांना हात लावायला इथे कुणाची आडकाठी नाही.

आज 21 जून, वर्षातला सर्वांत मोठा दिवस. पाचच्या आतच सूर्य वर आला. पेगन, म्हणजे निसर्गाला आणि ऋतूंना पूजणारी मंडळी जमली होती, कुणी झग्यात, कुणी साध्या जॅकेटात. एक आजी मला म्हणाल्या, "बूट काढ, दगडाला पाठ टेकव आणि नुसता श्वास मोज." ना मंत्र, ना दीक्षा. दवाने पावलं बधिर झाली. पाठीला खरखरीत दगड, त्यावर पिवळं-करडं दगडफूल. आकडे मोजता मोजता कधी थांबले कळलंच नाही, आणि मग चंडोल ऐकू यायला लागले.

तिथल्या बीचच्या झाडांना लोक रंगीत फिती बांधतात, कुणी इच्छेची, कुणी गेलेल्या माणसाची. मला कोकणातली आमची देवराई आठवली आणि गलबलून आलं. तिथली वाळकी काटकीसुद्धा माझी आजी उचलू द्यायची नाही.

पेगन म्हटलं की लोकांना जादूटोणाच आठवतो. मला तिथे ऋतूंवर मनापासून प्रेम करणारी माणसं भेटली. त्यांचे वर्षाला आठ सण, सगळे सूर्याशी आणि शेतीशी बांधलेले. पुढचा लूनासा, 1 ऑगस्टला, कापणीच्या सुरुवातीचा. इंग्लंडात कुणी असाल तर कळवा, मिळून जाऊ.