ब्रेकचे पेडल मऊ का लागते?

हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे, ब्रेक असलेल्या ट्रकचे पेडल मऊ लागू लागले की बहुतेक जण लगेच ब्लीडिंग (ब्रेकच्या ऑइल लाइनमधली हवा काढणे) करायला घेतात. माझ्या मते त्याआधी चाकांना ठोकळे लावून, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखे दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात राहिले आणि बाहेर कुठेही गळती नसली, तर मास्टर सिलिंडरमधील (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणाऱ्या भागातील) रबरी कपावरून ऑइल मागे निसटत असल्याची दाट शक्यता असते. याउलट दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल, तर बहुधा लाइनमध्ये हवा शिरलेली असते किंवा मागचे लायनर (घर्षणाची पट्टी) आणि ते ज्यावर घासते तो चाकाचा ड्रम यांतील अंतर वाढलेले असते. हे दुसरे कारण तपासायचे राहून जाते आणि ब्लीडिंगवर ब्लीडिंग होत राहते. जुना रबरी पाइप फुगतो का, हे दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून पाइपावर हात ठेवला की कळते.

पेडल फक्त लांब उतारावरच मऊ पडत असेल, तर संशय ऑइलवर घ्यावा. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १४० अंशांवर येते, आणि उकळून झालेली वाफ दाबली जात असल्याने जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी ऑइल पूर्ण बदलावे.