आमची वाटचाल : अकोल्याचा उन्हाळा आणि सर्व्हरच्या हार्ड डिस्क

2005 साली आम्ही दोघा भावांनी अकोल्यात संगणकांच्या विक्री-दुरुस्तीचे दुकान थाटले आणि पुढच्याच वर्षी एका पतसंस्थेने सर्व्हर जोडून देण्याचे काम आमच्यावर सोपवले. दर कमी ठेवायचा म्हणून आम्ही घरगुती संगणकाच्याच चार हार्ड डिस्क घेतल्या आणि त्या साध्या कॅबिनेटमध्ये एकावर एक, मध्ये बोटभरही जागा न सोडता बसवल्या. मे महिन्यात त्यांतली एक डिस्क गेली. तिच्या जागी नवी बसवून तिच्यावर माहिती उतरत असतानाच दुसरीही गेली आणि रेडची, म्हणजे एक डिस्क गेली तरी माहिती वाचावी म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची, सगळी मांडणी कोसळली. कॅबिनेट उघडून मधल्या डिस्कला हात लावला, तर चटका बसला. बॅकअप दोन दिवसांपूर्वीचा होता. संस्थेच्या लिपिकांनी रोजकीर्द आणि पावत्यांच्या स्थळप्रती समोर घेऊन दोन दिवसांच्या नोंदी रात्रभर बसून पुन्हा भरल्या. आम्हीही त्यांच्या शेजारी बसून होतो. चूक आमची होती, म्हणून नव्या डिस्कचे पैसे आम्ही घेतले नाहीत.

दुसरी डिस्क खरोखर मेली नव्हती, हे आम्हाला बऱ्याच काळाने उमगले. घरगुती डिस्कला एखादा सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचा छोटा कप्पा, वाचता आला नाही, तर ती तो पुन्हापुन्हा वाचत राहते. रेड सांभाळणारे कार्ड मात्र काही सेकंदच थांबते आणि उत्तर आले नाही की डिस्क बाद ठरवते. सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क साधारण 7 सेकंदांत प्रयत्न थांबवून चूक कळवते आणि कार्ड ती माहिती इतर डिस्कवरून भरून काढते. तेव्हापासून डिस्क निवडताना आम्ही क्षमता आणि किंमत यांच्या आधी ही गोष्ट पाहतो. त्याखालोखाल, शेजारच्या डिस्कचे आणि पंख्यांचे कंपन सोसण्याची तिची तयारी आणि वर्षाला किती टेराबाइटची ये-जा तिने झेलावी असे उत्पादकाने लिहून दिले आहे, हे पाहतो. एकमेकांवर चढणाऱ्या मार्गिका असलेली, म्हणजे एसएमआर पद्धतीची, डिस्क आम्ही रेडमध्ये लावत नाही, कारण पुनर्बांधणीच्या वेळी, म्हणजे बदललेल्या डिस्कवर माहिती पुन्हा उतरवताना, सलग लिहिण्याचा भार आला की ती फार मंदावते. एका सर्व्हरच्या साऱ्या डिस्क एकाच खोक्यातून घेण्याचेही आम्ही टाळतो.

थंडाव्याचा प्रश्न याहून चिवट निघाला. पहिली काही वर्षे आम्ही सर्व्हरच्या खोलीत वाळ्याचा कूलर चालू दिला. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याने कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढत असे, खोलीत दमटपणा येई आणि पंख्यांच्या पात्यांवर ओली धूळ बसे. मग एसी आला आणि त्याबरोबर एक नवा धोका आला, जो आम्हाला भारनियमनाच्या काळात दिसला: वीज गेली की एसी बंद पडे, पण यूपीएसवर सर्व्हर चालूच राही आणि बंद दाराच्या छोट्या खोलीत तो स्वतःच्याच उष्णतेत शिजत राही. आता आम्ही हवा बाहेर फेकणारा एक पंखा यूपीएसवरच जोडून घेतो, दाराखाली हवा आत येण्यास जागा ठेवतो आणि डिस्क 55 अंशांवर गेली की सर्व्हर आपोआप, व्यवस्थित बंद होईल अशी सोय करतो.

गूगलच्या अभियंत्यांनी 2007 साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तापमानात उष्णता आणि बिघाड यांचे नाते अपेक्षेपेक्षा क्षीण असल्याचे त्यात आढळले. उलट फार थंड ठेवलेल्या डिस्कमध्ये बिघाड अधिक होते आणि उष्णतेचा फटका मुख्यतः खूप तापलेल्या, जुन्या डिस्कना बसत होता. तो वाचल्यावर खोली 18 अंशांवर ठेवण्याचा आग्रह आम्ही सोडला. डिस्क 30 ते 40 अंशांत स्थिर राहावी, यासाठी वारा तिच्या अंगावरून जायला हवा. डिस्क बसवण्याच्या रिकाम्या खणांना झाकणे नसतील, तर पुढच्या पंख्याची हवा त्या मोकळ्या वाटेने निघून जाते आणि डिस्क तापतच राहतात. पत्र्याच्या साध्या झाकण्या लावून एका इस्पितळातील सर्व्हरच्या डिस्क 49 अंशांवरून 41 वर आलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्या, चार मुख्य निर्देशांकांवर कोणताही इशारा दिला नव्हता. त्यामुळे तपासणी चोख असली तरी बॅकअप रोजचा हवा, हे आम्ही करारातच लिहितो. इशारा मिळाला, तर मात्र थांबत नाही. त्या पहिल्या पतसंस्थेत गेल्या उन्हाळ्यात एका डिस्कवर 8 प्रलंबित सेक्टर, म्हणजे नीट वाचता न आल्याने संशयित ठरलेले, दिसले. व्यवस्थापक म्हणाले, “चालू आहे ना, मग कशाला काढता?” आम्ही त्यांना 2006 च्या त्या रात्रीची आठवण दिली. त्यांनी रोजकीर्दीची जुनी वही कपाटातून काढली, थोडा वेळ चाळली आणि डिस्क बदलण्याच्या अर्जावर सही केली.